वाळूच्या रंगाचा खेकडा

मी फ्लाय बांधते. फ्लाय म्हणजे माशी असं हौसेने मासे धरायला येणारे पाहुणे सांगतात, पण माझ्या हातून आजवर उडणारं काही तयार झालेलं नाही. मी बांधते ते खेकडे, कोळंब्या आणि बोटभर लांबीचे रुपेरी मासे. गळावर दोरा, लोकर, पिसं, रबर, माशाला भुलवायला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बावीस वर्षं मी खिडकीजवळच्या याच टेबलाशी बसते आहे. टेबलाच्या कडेला एक लहानशी पकड आवळून ठेवली आहे, तिच्या तोंडात गळ धरायचा आणि त्याच्याभोवती सगळा प्रपंच रचायचा. दिवसाला तीस होतात. चष्मा लागला, मान आखडते, दोऱ्याने बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, पण हात अजून थरथरत नाहीत. हे मी अभिमानाने सांगते, कारण अभिमानाने सांगण्यासारखं दुसरं काही या गोष्टीत माझ्याकडे नाही.

माझा धाकटा भाऊ मालकाच्या होडीवर वाटाड्या होता. पाहुण्याला पुढे उभं करायचं, आपण मागच्या उंच फळीवर उभं राहून लांब काठीने होडी उथळ पाण्यात ढकलत न्यायची, आणि पाहुण्याच्या आधी आपण मासा बघायचा. इंजिन लावलं की मासे पळतात, म्हणून काठी. मासा दिसला की घड्याळाच्या भाषेत दिशा सांगायची. होडीचं नाक म्हणजे बारा. ‘दहा वाजता, चाळीस फूट,’ म्हटलं की पाहुणा तिकडे फ्लाय फेकतो. धाकटा एका पायावर भार देऊन तासन्‌तास पाण्यात बघत उभा असायचा, म्हणून धक्क्यावर त्याचं नाव पडलं बगळा. मीही तेच म्हणू लागले. लहानपणी याच्या पायाला भिंगरी होती, दोन मिनिटं एका जागी टिकत नव्हता. समुद्राने त्याला उभं राहायला शिकवलं. आईला आणि मला ते जमलं नव्हतं.

आमच्याकडच्या कोमट पाण्यात मोठे मासे पुष्कळ. दांडगा म्हणतात तो तर हावरट, पुढ्यात येईल ते गिळतो. त्याच्यासाठी वीतभर पिसांची भडक फ्लायही चालते. खरा मान शहाण्याचा. ताटासारखा रुंद, चांदीसारखा, शेपूट मात्र काळं आणि विळ्यासारखं. गुडघाभर पाण्यात येऊन वाळूतले खेकडे खातो. त्याला फ्लाय दाखवली की जवळ येतो, नीट निरखतो, आणि भाव विचारून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखा निघून जातो. शंभरातून एखाद्या वेळी डोकं खाली घालतो. तेव्हा त्याचं शेपूट पाण्याबाहेर उभं राहतं. वाटाड्याने तेव्हाच ‘आता’ म्हणायचं आणि पाहुण्याने तेव्हाच दोरी ओढायची. शहाण्याला पुढे दात नसतात, घशात जात्याच्या दगडांसारखी दोन हाडं असतात. त्यात तो खेकडा एकदा भरडतो, मग त्याला लबाडी कळते, मग थुंकतो. दोन आकडे मोजेपर्यंतचा खेळ.

पाहुणे मासा धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. एवढा खटाटोप करून सोडून देतात हे मला पहिली पाच वर्षं पटलं नाही, मग मी पटवून घेतलं. आमच्या घरात एक रीत होती. ज्या फ्लायने शहाणा लागला ती पुन्हा पाण्यात टाकायची नाही. बगळा ती घरी आणायचा आणि टेबलावरच्या बुचाच्या फळीला टोचायचा. लोकर चपटी झालेली, पाय तुटलेले, शिशाचे डोळे दबलेले. बावीस वर्षांत अशा एकोणीस जमल्या. त्या एकोणीस मी बांधल्या होत्या, पण जिवंत शहाणा मी एकदाही पाहिला नव्हता. होडीत बसलं की मला मळमळतं. धक्क्यावरच्या लोकांना ही माझी गंमत सांगायला फार आवडायची.

दोन वर्षांपूर्वी बगळ्याची मागणी बदलली. आधी म्हणाला, खेकड्याच्या पाठीवर नारिंगी लोकरीची एक चिमट घाल. मी घातली. महिन्याने म्हणाला, चिमट जरा मोठी कर. मग पायही नारिंगी कर. मी म्हटलं, हा खेकडा आहे की रस्त्यावरचा दिवा? तो म्हणाला, पाहुण्यांची नजर कमी झाली आहे, त्यांना पाण्यात फ्लाय दिसत नाही. मला ते खरं वाटलं. पाहुण्यांबद्दल वाईट काही सांगितलं की मला ते लगेच खरं वाटतं.

मग एके सकाळी फ्लाय उचलायला तो टेबलाशी आला आणि त्याच्या कोपराने व्हार्निशची बाटली पाडली. ती बाटली बावीस वर्षं एकाच जागी होती. तो खाली वाकून फरशीवर हाताने चाचपू लागला. बाटली त्याच्या पायापाशी होती, उजव्या अंगाला, उजेडात.

त्याच आठवड्यात मी त्याला ओढत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत बसून मनातल्या मनात एकच घोकत होते, मोतीबिंदू निघू दे. मोतीबिंदू काढता येतो. निघाला काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. कडेची नजर गेली आहे, मधली नळीएवढी उरली आहे. गेलं ते परत येत नाही, उरलं ते थेंबांनी टिकतं का बघू. किती दिवस टिकेल, मी विचारलं. सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना सांगता येत होतं हे मला स्पष्ट दिसलं.

परतताना तो एकच वाक्य बोलला. “ताई, मालकाला कळू द्यायचं नाही.”

मी रस्त्यातच भांडले. म्हटलं, होडी कुठे आपटलीस म्हणजे? तो म्हणाला, होडी डोळ्यांनी नाही, हातांनी चालते. काठी तळाला टेकली की खाली वाळू आहे, दगड आहे की गवत, ते त्याला झोपेतही कळतं. ते खरं होतं. आणि दुसरंही एक खरं होतं, त्याने न बोललेलं. त्या फळीवरून खाली उतरवला तर या माणसाला जगात दुसरं काही येत नाही. लग्न केलं नाही, शाळा सोडली, पत्ते खेळायलासुद्धा शिकला नाही. म्हणून मी गप्प बसले आणि त्याला सामील झाले.

आधी मी त्याची फ्लाय ठेवायची डबी सुधारली. खेकड्याला डोळे बांधतात ते दिसायला नसतात, वजनाला असतात. हलके डोळे घोट्याएवढ्या पाण्यासाठी, पितळी गुडघ्याएवढ्यासाठी, शिशाचे मांडीएवढ्यासाठी. वजनदार फ्लाय उथळ पाण्यात धप्पकन पडली तर शहाणा अर्ध्या मैलावर जाऊन थांबतो, आणि हलकी खोल पाण्यात टाकली तर तळाला पोचेपर्यंत तो कंटाळून निघून जातो. वाटाड्याचं कसब नेमकी फ्लाय निवडण्यात, आणि बगळ्याला आता पितळ आणि शिसं वेगळं दिसत नव्हतं. मी गळाच्या नेढ्यामागे दोऱ्याचे जास्तीचे वेढे घालायला लागले. हलक्याला एक, पितळी डोळ्यांना दोन, शिशाच्या डोळ्यांना तीन. वर व्हार्निश. सुकल्यावर नखाला बरोबर लागतात. मी त्याला सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख फिरवून त्याने तीन फ्लाय तीन खणांत बरोबर टाकल्या आणि चहा प्यायला बसला.

नारिंगीचं मात्र जुळेना. नळीएवढ्या नजरेला फ्लाय सापडायची तर ती भडक हवी, आणि फ्लाय भडक असली की शहाणा तिला तोंड लावत नाही. वरून माणसाला जे दिसतं ते वरूनच माशालाही दिसतं. मी नारिंगी पोटाखाली लपवून पाहिली, पायाच्या टोकांना लावून पाहिली, विटकरी केली, गुलाबी केली. फ्लाय बगळ्याला दिसत होत्या आणि मासे पळत होते. हंगामभरात एकही शहाणा लागला नाही. पाहुण्यांनी मालकाकडे तक्रारी केल्या, की तुमचा बगळा आम्हाला दगड दाखवतो आणि मासा समोरून गेला तरी बोलत नाही.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने बगळ्याला बोलावून सांगितलं, की पुढच्या आठवड्यात दातांचे डॉक्टर येत आहेत, त्यांना तूच घेऊन जा. त्यांना शहाणा मिळाला तर पुढचा हंगाम होडी तुझी. नाही मिळाला तर ती माझ्या भाच्याला देतो आणि तुला धक्क्यावर काहीतरी काम बघतो. दातांचे डॉक्टर अकरा वर्षं दरसाल येत होते, दर वेळी बगळ्याबरोबरच. त्यांना दांडगे ढीगभर मिळाले होते, शहाणा एकदाही नाही. वय सत्तरीचं, स्वभावाने गोड माणूस. दर वेळी माझ्यासाठी दोऱ्याची रिळं आणायचे आणि माझे दात बघून नाक मुरडायचे.

आठवडाभर मी डोळ्यांत तेल घालून एकाच तऱ्हेची फ्लाय बांधत होते. वाळूच्या रंगाची लोकर, आडवी घालून, नाण्यासारखी गोल कातरलेली. रबराचे सहा पाय, प्रत्येकाला सांध्याच्या जागी गाठ, टोकांना तपकिरी शाई. पिसाचे दोन नांगे. नारिंगीचा एक धागाही नाही. फरशीवर टाकली तर मलाच सापडत नव्हती. अशा बारा बांधून मी बगळ्यापुढे ठेवल्या. तो एकेक हातात घेऊन बघत राहिला, म्हणजे चाचपत राहिला.

“मासा खाईल,” तो म्हणाला. “पण खाल्ला हे मला कळायचं कसं?”

“मी येते होडीत. तुझे डोळे म्हणून,” मी म्हणाले.

तो हसला. त्या वर्षात तो हसलेला मला तेवढाच आठवतो.

दोन दिवस त्याने मला धक्क्यावर उभं करून शिकवलं. पाण्याकडे बघू नकोस, पाण्यातून खाली बघ. मासा शोधू नकोस, तळावर हलणारं काही आहे का ते शोध. मी बघत होते, आणि मला लाटा, चकाकी, गवत आणि माझीच सावली दिसत होती. वीस वर्षांनी जे येतं ते दोन दिवसांत कसं येणार? शेवटी तो म्हणाला, मासा कुठे असेल ते मला कळेल, भरती-ओहोटी मला पाठ आहे. तू फक्त शेपूट उभं राहिलं की ‘आता’ म्हण. एवढंच. एक शब्द. मी म्हटलं, माझ्या तोंडाचा पट्टा चालू झाला की बंद होत नाही हे सगळ्या धक्क्याला माहीत आहे, एका शब्दाचं काय घेऊन बसलास.

डॉक्टरांना सांगितलं, ताईला एकदा जिवंत शहाणा बघायचा आहे. त्यांना ते फारच आवडलं.

त्या दिवशी वारा नव्हता. मी होडीच्या मध्ये फळीवर बसले होते, डॉक्टर पुढे, बगळा मागे. मळमळ होत होती, पण मी ओठ आवळून बसले. तीन तास काही नाही. मग बगळ्याने काठी रोवून होडी थांबवली आणि म्हणाला, पाणी आता त्या वाळूच्या कडेवरून उतरेल, मासे डावीकडून येतील, दोन किंवा तीन. डबी उघडून त्याने नख फिरवलं, दोन वेढ्यांची फ्लाय काढली, डॉक्टरांच्या दोरीला बांधली. डॉक्टर तयार उभे राहिले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “दहा वाजता. पन्नास फूट.” मला काहीच दिसत नव्हतं. डॉक्टरांनाही दिसत नसावं, पण अकरा वर्षांचा विश्वास, त्यांनी फेकली. होडीतल्या तीन माणसांत मिळून एक धड नजर नव्हती, आणि फ्लाय नेमक्या जागी पडली.

मग मला तो दिसला. आधी तळावर एक सावली सरकली, मग सावलीवर चांदी. तो फ्लायपाशी आला आणि थांबला. माझी फ्लाय. चारच दिवस आधी तिचा तिसरा पाय लावताना मी दूधवाल्याशी भांडत होते. त्याने डोकं खाली घातलं आणि शेपूट पाण्यातून वर आलं. काळं, बारीक, टोकाशी थरथरणारं, त्यावरून पाण्याचा थेंब खाली येत होता. आणि माझी दातखीळ बसली. भीती नव्हती, विसरलेही नव्हते. बावीस वर्षं ज्याच्यासाठी बोटं चिरून घेतली तो माझ्या हातचं जेवत होता, आणि मी तोंड वासून बघत बसले.

शेपूट खाली गेलं. पाणी ढवळलं. वाळूचा एक ढग उरला.

“ताई,” मागून बगळा हळूच म्हणाला, “शेपूट उभं राहिलं का?”

डॉक्टर वळले. त्यांनी माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. शंभर फुटांवरून त्यांना मासे दाखवणारा माणूस पन्नास फुटांवरचं शेपूट बहिणीला विचारत होता, आणि बहीण त्या दिवशी पहिल्यांदा होडीत बसली होती. त्यांना सगळं तिथेच समजलं.

“नाही,” मी म्हणाले. “नुसता बघून वळला.”

डॉक्टर सावकाश म्हणाले, की दोरीला काहीतरी जाणवल्यासारखं झालं खरं, टिचकी मारल्यासारखं. मी म्हटलं दगड असेल. त्यांनी फ्लाय ओढून आणली, बगळ्याने वाकून ती सोडवली, बोटांत धरली आणि म्हणाला, “दगडच असेल.” मग त्याने ती डबीत टाकली आणि होडी वळवली. त्या दिवशी पुन्हा मासा आला नाही.

डॉक्टरांनी तक्रार केली नाही. भल्या माणसाने भल्यासाठीच मालकाला सांगितलं, की याची नजर गेली आहे, एखाद दिवशी पाण्यात पडेल, त्याला जपा. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. मला त्यांचा राग आला. अजून आहे. शहाणा लागला असता तर त्यांनी खुशीत दुसरं काही बघितलंच नसतं. एक हंगाम तरी मिळाला असता. त्यानंतर डोळे जायचे ते गेलेच असते, मला काय कळत नाही का? पण एक हंगाम म्हणजे सहा महिने त्या फळीवर.

होडी मालकाच्या भाच्याला गेली. बगळा महिनाभर धक्क्यावर बसून गोड्या पाण्याने पाहुण्यांच्या गळांची रिळं धूत होता, मग तेही सोडलं. आता दाराच्या पायरीवर बसतो. थेंब वेळेवर घालतो, उपयोग नाही हे माहीत असून. नळी बारीक होत गेली. आता नुसता उजेड-अंधार कळतो. माझं काम चालूच आहे. भाच्यानेही वाळूचेच खेकडे मागितले. शहाणा त्यालाही लागतो अधूनमधून, पण तो चावलेल्या फ्लाय फेकून देतो. नेढ्यामागचा फुगवटा कशाला, त्याने विचारलं. तेव्हापासून मी वेढे घालत नाही.

परवा मालकाचा निरोप आला, की बगळ्याची डबी पडूनच असेल तर भाच्याला द्या. मी डबी काढली. त्या दिवसापासून ती कपाटातच होती. उघडली तर एकेक वेढ्याच्या एका खणात, दोन-दोनच्या दुसऱ्यात, तीन-तीनच्या तिसऱ्यात, सगळं जिथल्या तिथे. शेवटच्या, एरवी रिकाम्या खणात एकच फ्लाय होती. वाळूच्या रंगाची, दोन वेढ्यांची. लोकर चपटी. दोन पाय मुळापासून गेलेले. पितळी डोळे एका बाजूने दबलेले. दगडाने असं होत नाही. मी अशा एकोणीस रोज बघते.

म्हणजे त्याने होडीतच, बोटांत धरल्याबरोबर ओळखलं होतं. आणि सात महिने गप्प होता.

मी डबी घेऊन दाराशी गेले. तो पायरीवर होता, पाठ माझ्याकडे. मी उभीच राहिले. माझ्या तोंडून शब्द निघेना, पण या वेळी काढला.

“बगळ्या, त्या दिवशी शेपूट उभं राहिलं होतं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, आज ताई सांगेल. मग वाटायचं, उद्या सांगेल.”

मी त्याच्या शेजारी बसले आणि रडले. त्याने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा शोधायला त्याला दोनदा चाचपावं लागलं.

“कसं होतं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. काळं. बारीक. टोकाशी थरथरत होतं, वरून थेंब उतरत होता. त्याने मान हलवली. एकोणीस वेळा त्याने ते पाहिलं होतं, आणि तरी तो कान देऊन ऐकत होता.

“किती वेळ होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. एक म्हटलं असतं तर झालं असतं. एका आकड्यात कुणालाच काही जमत नाही. पण मी मनातल्या मनात मोजलं, आणि खरं ते सांगितलं.

“चार मोजेपर्यंत.”

तो रस्त्याकडे तोंड करून बसला होता. रस्त्यावर काही नव्हतं.

“चार म्हणजे पुष्कळ वेळ, ताई,” तो म्हणाला.